जुन्या जपानी मोटारसायकलींचा बाजार: हौस, किंमत आणि कागदपत्रे

एकेकाळी स्वस्त, हलक्या आणि काही वर्षांत भंगारात जाणाऱ्या म्हणून हिणवल्या गेलेल्या जपानी मोटारसायकली आज जगभरातील संग्राहकांच्या मागणीच्या यादीत वरच्या स्थानावर आहेत. लंडन, टोकियो वा लॉस एंजेलिस येथील लिलावगृहांपासून ते दिल्लीच्या करोलबागेतील गाळ्यांपर्यंत या गाड्यांची खरेदी-विक्री होते. भारतात 'राजदूत ३५०' आणि 'यामाहा आरएक्स १००' या दोन नावांभोवती तर एक स्वतंत्र बाजारपेठच उभी राहिली आहे. मात्र मागणी वाढली तशी बनावट क्रमांक, जुळवलेली इंजिने आणि अपुरी कागदपत्रे यांचे प्रमाणही वाढले असून, हौसेपोटी भरलेली रक्कम पूर्णपणे बुडण्याचा धोका खरेदीदारापुढे उभा असतो.

कोणती गाडी संग्राह्य ठरते, तिची किंमत कशावरून ठरते आणि कायदा तिच्याकडे कसा पाहतो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९६८ चे वळण

होंडा कंपनीची स्थापना १९४८ ची. १९५९ मध्ये या कंपनीने आयल ऑफ मॅन येथील प्रसिद्ध टीटी शर्यतीत प्रथम भाग घेतला आणि १९६१ मध्ये तेथे १२५ व २५० सीसी अशा दोन्ही गटांत विजय मिळवला. तरीही जपानी कंपन्या लहान गाड्या बनवतात, मोठी गाडी हवी असेल तर ती ब्रिटिश किंवा अमेरिकनच घ्यावी, अशी ग्राहकांची समजूत कायम होती. ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियो मोटार प्रदर्शनात होंडाने 'सीबी ७५०' मांडली आणि ही समजूत मोडीत निघाली. ७३६ सीसीचे, एका ओळीत चार सिलिंडर असलेले इंजिन, ६७ अश्वशक्ती, बटणावर सुरू होण्याची सोय आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, असा संच तोपर्यंत सर्वसामान्य ग्राहकाला मिळालेला नव्हता. अमेरिकेत तिची किंमत होती १,४९५ डॉलर. ब्रिटिश कंपन्यांच्या गाड्यांतून तेल गळत असताना ही गाडी कोरड्या इंजिनासह शेकडो मैल धावत असे. १९७० मध्ये डिक मान यांनी सीबी ७५० वर आधारित शर्यतीच्या गाडीवर अमेरिकेतील डेटोना २०० ही शर्यत जिंकली.

या गाडीच्या आजच्या किमतीचे मूळ मात्र कंपनीच्या सावधपणात आहे. एवढी मोठी गाडी किती खपेल याची होंडालाच खात्री नव्हती. वर्षाला १,५०० गाड्या, असा प्रारंभीचा अंदाज होता. त्यामुळे इंजिनाचे आवरण ओतण्यासाठी महागडे साचे तयार न करता साध्या साच्यांवर काम भागवण्यात आले. मागणी पाहता पाहता महिन्याला १,५०० आणि मग ३,००० वर गेली, नवे साचे आले आणि जुनी पद्धत थांबली. तोपर्यंत बनलेल्या ७,४१४ गाड्यांच्या इंजिनाचा पृष्ठभाग खरखरीत दिसतो. संग्राहक त्यांना 'सँडकास्ट' म्हणतात. ओतकामाची पद्धत प्रत्यक्षात वाळूच्या साच्याची नव्हती, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. चेसिस क्रमांक १०००००१ ते १००७४१४ या मर्यादेत असेल तरच गाडी या गटात मोडते. क्रमांक एकाने जरी पुढे गेला तरी किंमत घसरते.

त्याहूनही दुर्मीळ आहेत त्या उत्पादन सुरू होण्यापूर्वी हाताने तयार केलेल्या मोजक्या नमुना गाड्या. त्यांपैकी एक २०१४ मध्ये इंटरनेटवरील लिलावात १,४८,१०० डॉलरला गेली. दुसरी मार्च २०१८ मध्ये ब्रिटनमधील लिलावात १,६१,००० पौंडांना विकली गेली. हे आकडे वृत्तपत्रांत झळकले की गोठ्यात पडलेल्या प्रत्येक जुन्या होंडाचा मालक स्वतःला लक्षाधीश समजू लागतो. वास्तवात सीबी ७५० मालिकेच्या गाड्या दहा वर्षे मोठ्या संख्येने बनत होत्या आणि नंतरच्या वर्षांतील सर्वसाधारण गाडीला या आकड्यांच्या जवळपासही भाव येत नाही.

कावासाकी, सुझुकी आणि धुराचे दिवस

होंडाची गाडी बाजारात आली तेव्हा कावासाकीचे अभियंतेही ७५० सीसीच्या चार सिलिंडर गाडीवर काम करीत होते. प्रतिस्पर्ध्याने आधीच बाजी मारल्याचे पाहून त्यांनी आराखडा बाजूला ठेवला, क्षमता वाढवली आणि १९७२ मध्ये ९०३ सीसीची, ८२ अश्वशक्तीची 'झेड १' सादर केली. प्रकल्पाचे आतील सांकेतिक नाव होते 'न्यूयॉर्क स्टेक', यावरून लक्ष्य कोणती बाजारपेठ होती हे उघड होते. जपानमध्ये मात्र त्या काळी ७५० सीसीहून मोठी गाडी देशांतर्गत विकायची नाही, असे बंधन उद्योगाने स्वतःवर घालून घेतले होते. म्हणून तेथील ग्राहकांसाठी ७४६ सीसीची '७५० आरएस' निघाली. तीच 'झेड २' या नावाने ओळखली जाते आणि आज जपानमध्ये मोठ्या झेड १ पेक्षाही तिचे मोल अनेकदा अधिक मानले जाते.

यामागे वाहन परवान्याचाही इतिहास आहे. जपानमध्ये १९७५ मध्ये परवान्याचे नियम बदलले आणि ४०० सीसीहून मोठी मोटारसायकल चालवण्यासाठी वेगळी चाचणी आवश्यक झाली. ही चाचणी शासकीय केंद्रावरच द्यावी लागे आणि ती अत्यंत कठीण म्हणून ओळखली जाई. १९९६ पर्यंत हीच स्थिती होती. त्यामुळे एका संपूर्ण पिढीने 'नानाहान', म्हणजे साडेसातशेची गाडी, दुसऱ्याच्या हाती पाहिली, स्वतः चालवली नाही. नियम सैल झाले तेव्हा त्या पिढीच्या हाती पैसा होता. अमेरिकेत विकल्या गेलेल्या झेड १ गाड्या जहाजांतून परत जपानमध्ये येऊ लागल्या. संग्राह्य वस्तूंच्या बाजाराचे हे एक ढोबळ सूत्र आहे: तरुणपणी जी गाडी परवडली नाही, ती पन्नाशीत घेतली जाते.

दोन-स्ट्रोक इंजिनांच्या गाड्यांची कथा निराळी. कावासाकीची १९६९ ची 'एच १' ४९८ सीसीची, तीन सिलिंडरची आणि ६० अश्वशक्तीची होती, तर १९७२ ची 'एच २' ७४८ सीसी व ७४ अश्वशक्तीची. वेग अफाट, ब्रेक आणि सांगाडा मात्र त्या मानाने दुबळे, त्यामुळे या गाड्यांना 'विधवा करणारी' असे भयंकर टोपणनाव मिळाले. सुझुकीची 'जीटी ७५०' तुलनेने सौम्य, पाण्याने थंड होणारी. तिला अमेरिकेत 'पाणम्हैस' आणि ब्रिटनमध्ये 'किटली' म्हणत. अमेरिकेने १९७८ पासून मोटारसायकलींच्या धुरावर मर्यादा घातल्या आणि मोठ्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा शेवट जवळ आला. पुन्हा कधीच बनणार नाहीत, ही खात्रीच त्यांच्या आजच्या मूल्याचा आधार आहे.

फरिदाबादची जपानी गाडी

भारतातील संग्राहकांचा मोठा वर्ग मात्र या आयात गाड्यांमागे नसून येथेच बनलेल्या जपानी रचनेच्या गाड्यांमागे आहे. त्यांत अग्रस्थान 'राजदूत ३५०' चे.

राजदूत हे नाव मूळचे एस्कॉर्ट्स कंपनीच्या १७५ सीसी गाडीचे. ती गाडी पोलंडच्या रचनेवर आधारित होती आणि गावोगावी दूधवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांच्या वापरात होती. 'बॉबी' चित्रपटात दिसलेली बुटकी राजदूतही त्याच घराण्यातली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने त्याच नावाखाली यामाहाची आरडी ३५० भारतात आणली तेव्हा नावाखेरीज दोन्हींत काहीही समान नव्हते. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, रीड व्हॉल्व्ह आणि इंजिनात तेल आपोआप सोडणारी 'ऑटोल्यूब' पंपाची व्यवस्था. ज्या देशात मोटारसायकल म्हणजे बुलेट, येझदी किंवा राजदूत एवढीच कल्पना होती, तेथे ही गाडी काळाच्या पुढची होती.

जपानमधील मूळ गाडीची शक्ती ३९ अश्वशक्ती होती. भारतासाठी ती कमी करण्यात आली. प्रारंभीच्या 'हाय टॉर्क' गाडीची शक्ती ३०.५ अश्वशक्ती, तर नंतरच्या 'लो टॉर्क' गाडीची सुमारे २७. मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेकही येथे आला नाही, त्याऐवजी ड्रम ब्रेक बसवला गेला. वेग वाढवणारे इंजिन तसेच, थांबवणारे साधन मात्र उणे, हा निर्णय पुढे अनेक अपघातांच्या चर्चेत निघत राहिला. पेट्रोलचा खप अधिक, सुटे भाग महाग आणि साध्या गॅरेजच्या मिस्त्रीला दोन कार्ब्युरेटर जुळवण्याचा सराव नाही, अशा कारणांनी गाडी व्यापारी दृष्ट्या अपयशी ठरली आणि १९८० चे दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. शोलावरम येथील धावपट्टीवरील शर्यतींत मात्र तिने नाव कमावले. आज संग्राहकाला हवी असते ती हाय टॉर्क गाडी. पण आरसी पुस्तकावर हा भेद सहसा नोंदलेला नसतो. सिलिंडर ब्लॉक आणि सायलेन्सर बदलून एकीची दुसरी करून विकण्याचे प्रकार यातूनच घडतात.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी केंद्र सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली आणि दोन-तीन वर्षांत चारही जपानी कंपन्या भारतात पोहोचल्या. तामिळनाडूतील होसूर येथून 'इंड-सुझुकी', हरियाणातील धारूहेडा येथून 'हिरो होंडा सीडी १००', पुण्याच्या बजाज कंपनीची 'कावासाकी बजाज केबी १००' आणि उत्तर प्रदेशातील सूरजपूर येथून एस्कॉर्ट्सची 'यामाहा आरएक्स १००'. यांपैकी सर्वाधिक खप हिरो होंडाने मिळवला, कारण तिचे चार-स्ट्रोक इंजिन पेट्रोल वाचवत असे. संग्राहकांच्या दृष्टीने मात्र सीडी १०० ला फारसे मोल नाही. मोल आले ते आरएक्स १०० ला.

नोव्हेंबर १९८५ मध्ये या गाडीचे उत्पादन सुरू झाले आणि मार्च १९९६ मध्ये थांबले. इंजिन ९८ सीसीचे, शक्ती ११ अश्वशक्ती. आकडे किरकोळ वाटतात, पण गाडीचे वजन १०० किलोच्या आसपास असल्याने ती चटकन वेग घेत असे. १९९६ च्या प्रदूषण मानकांनंतर तिची जागा आरएक्सजी आणि आरएक्स १३५ यांसारख्या गाड्यांनी घेतली व २००० नंतरच्या कडक मानकांनी दोन-स्ट्रोक मोटारसायकलींचे भारतातील पर्वच संपवले. प्रारंभीच्या आरएक्स १०० गाड्यांत जपानहून आलेले भाग होते. त्यामुळे 'मेड इन जपान' अशी अक्षरे असलेल्या इंजिनाला वेगळा भाव मिळतो. अशी अक्षरे उमटवून देणारेही बाजारात आहेत, हे वेगळे सांगायला नको.

बजाज-कावासाकीच्या गाड्या महाराष्ट्रात मोठ्या संख्येने खपल्या. सांगली-कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत त्या अजूनही शेताच्या बांधावर दिसतात. दोन्ही कंपन्यांचे सहकार्य २०१७ मध्ये संपले. सुझुकी आणि टीव्हीएस यांचे २००१ मध्ये, तर हिरो आणि होंडा यांच्या विलगीकरणाची घोषणा डिसेंबर २०१० मध्ये झाली. यामाहाने एस्कॉर्ट्सचा उरलेला हिस्सा २००१ मध्ये घेतला. सहकार्य संपले की जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची जबाबदारी कोणाकडे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो आणि त्याचा भार अखेर मालकावर पडतो. जपानमध्ये परिस्थिती थोडी बरी आहे. कावासाकीने तर झेड १ चा सिलिंडर हेड अनेक दशकांनंतर नव्याने तयार करून विक्रीस आणला.

किंमत कशाची?

जुनी गाडी विकत घेताना प्रत्यक्षात तीन वस्तूंची किंमत मोजली जाते: लोखंड, क्रमांक आणि कागद. त्यांपैकी लोखंड सर्वांत स्वस्त असते.

चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे कारखान्यातून निघाले तेव्हाचेच असणे, याला संग्राहक सर्वाधिक महत्त्व देतात. येथे प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, याचे भान ठेवावे लागते. सत्तरीच्या दशकातील मूळ यामाहा आरडी ३५० मध्ये इंजिन व चेसिसवर सारखाच क्रमांक असे. सीबी ७५० आणि झेड १ मध्ये दोन्ही क्रमांक वेगळे असणे हेच स्वाभाविक आहे, फरक फक्त मर्यादित असायला हवा. झेड १ चे दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळत असतील तर आनंद मानण्यापेक्षा संशय घेणे अधिक योग्य.

दुसरा निकष मूळपणाचा. चकाकणारा नवा रंग आणि नवे क्रोम पाहून नवखा ग्राहक भुलतो. जाणकार मात्र फिकट झालेला कारखान्याचा रंग, टाकीवरील मूळ पट्टे आणि झिजलेली मूळ सीट यांना अधिक पैसे देतो. रंग पुन्हा केव्हाही देता येतो, मूळचा रंग एकदा खरवडला की गेला. सीबी ७५० च्या पहिल्या मालिकेचे चार सायलेन्सर हे याचे उत्तम उदाहरण. त्यांवर 'एचएम ३००' अशी खूण असते. आतून गंजून ते सर्वांत आधी निकामी होत, म्हणून बहुतेक मालकांनी ते फेकून एकत्रित नळी बसवली. परिणामी, खूण असलेला सुस्थितीतील मूळ संच आज स्वतंत्रपणे मोठ्या किमतीला विकला जातो. भारतात आरएक्स १०० च्या बाबतीतही मूळ सायलेन्सर, मूळ मीटर आणि बाजूची झाकणे या तुलनेने क्षुल्लक वस्तूंवरच गाडीचा भाव वर-खाली होतो.

पुण्याची नाना पेठ, मुंबईचा चोर बाजार, दिल्लीतील करोलबाग, चेन्नईतील पुदुपेट्टई येथे जुने भाग शोधणाऱ्यांची वर्दळ असते. आरडी ३५० जगभर विकली गेल्याने पिस्टन, ऑईल सील, बेअरिंग असे भाग परदेशांतून मागवता येतात, ही राजदूत मालकांची मोठी सोय. मात्र भारतात तयार झालेल्या पत्र्याच्या भागांना पर्याय नाही. त्यामुळे दहा अर्धवट गाड्यांतून एक पूर्ण गाडी उभी करण्याचे काम अनेक गॅरेजांत चालते. काम कौशल्याचे आहे यात वाद नाही, पण अशी गाडी 'मूळ' म्हणून विकली गेली तर ती फसवणूक ठरते.

इंजिनाची परीक्षा

दोन-स्ट्रोक गाडी बाहेरून समजायला सोपी आणि आतून फसवी असते. पाहणी करताना इंजिन थंड असावे, असा आग्रह धरणे हिताचे. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर सुरू होण्यातील अडचण लपते.

सर्वाधिक लक्ष क्रँकच्या दोन टोकांच्या ऑईल सीलकडे द्यावे लागते. आरडी ३५० व आरएक्स १०० या दोन्ही गाड्यांत क्लच उजव्या बाजूस असतो. त्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअर बॉक्समधील तेल ओढून घेते. धूर दाट व न थांबणारा येतो आणि गिअर ऑईलची पातळी विनाकारण घटते. डाव्या बाजूचे, म्हणजे मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते. तेव्हा धूर वाढत नाही, उलट इंजिन मोकळे आणि जोरात फिरते, ग्राहक खूश होतो आणि थोड्याच दिवसांत पिस्टन जाम होतो. एक्सलेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच उतरत नसेल तर हा दोष गृहीत धरावा.

आरडी ३५० च्या सिलिंडरचा मूळ व्यास ६४ मिलिमीटर. ब्लॉक बोअर करून पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन बसवता येतात, मात्र त्याला मर्यादा आहे. ब्लॉक आजवर किती वेळा बोअर झाला, हा प्रश्न किमतीच्या बोलणीआधी विचारायला हवा. शेवटच्या मापापर्यंत पोहोचलेल्या गाडीला नवा ब्लॉक किंवा नवी बाही लागते. क्रँक दाबून बसवलेल्या भागांचा असतो. तो खोलून पुन्हा सरळ रेषेत जुळवणे हे प्रेस आणि अचूक मापन असलेल्या कारागिराचेच काम आहे. अनेक मालकांनी ऑटोल्यूब पंप काढून टाकून पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची पद्धत स्वीकारली आहे. गाडी चालते, पण ती मूळ राहत नाही आणि तेलाचे प्रमाण चुकले की दोन्ही पिस्टन धोक्यात येतात.

चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक गाड्या अधिक सहनशील. तेथे कॅमची साखळी, चार्जिंग आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीतील घाण झालेले कार्ब्युरेटर हे खर्चाचे विषय असतात.

टाकी मात्र सर्वांची सारखीच आत्मीयतेने तपासावी. झाकण उघडून आत विजेरी मारली की गंज दिसतो. भारतात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, तसेच जुन्या काळचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. त्यामुळे बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवणे आवश्यक ठरते.

जुनी, पण 'व्हिंटेज' नव्हे

कायद्याच्या बाबतीत संग्राहकांमध्ये मोठा गैरसमज आढळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि चेसिस वा इंजिनात मोठे फेरफार न झालेले वाहन व्हिंटेज मानले जाते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. असे वाहन नियमित वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा आहे.

आता गणित सोपे आहे. भारतात बनलेली सर्वांत जुनी राजदूत ३५० सुद्धा २०३३ पूर्वी या व्याख्येत बसत नाही आणि आरएक्स १०० ला २०३५ उजाडेपर्यंत वाट पाहावी लागेल. म्हणजे ज्या दोन गाड्यांसाठी भारतीय ग्राहक सर्वाधिक पैसे मोजतो, त्या कायद्याच्या नजरेत केवळ जुन्या दुचाकी आहेत. 'व्हिंटेज असल्याने कागदांची गरज नाही' असे सांगणारा विक्रेता एकतर अज्ञानी असतो किंवा लबाड.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी हे शुल्क २,००० रुपये आणि आयात दुचाकींसाठी २०,००० रुपये करण्यात आले. याखेरीज राज्याचा पर्यावरण कर असतो. नूतनीकरण वर्षानुवर्षे रखडले असेल तर दंड व थकबाकी कोणी भरायची, हे व्यवहारापूर्वीच ठरवावे. दिल्ली व राजधानी परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरले. त्यानंतरच्या न्यायालयीन आदेशांमुळे तेथील स्थिती वेळोवेळी बदलत आहे. या निर्बंधांचा एक परिणाम असा की, तेथील अनेक जुन्या गाड्या अन्य राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

जुन्या हस्तलिखित आरसी पुस्तकांची आणखी एक अडचण आहे. त्यांतील अनेक नोंदी 'वाहन' या संगणकीय प्रणालीत कधी चढल्याच नाहीत. मूळ कार्यालयातील जुने रजिस्टर पाहून ती नोंद करून घ्यावी लागते आणि रजिस्टर जीर्ण झाले असेल किंवा सापडत नसेल तर चपला झिजतात. हे काम विक्रेत्यानेच पूर्ण करून द्यावे, अशी अट घालणे शहाणपणाचे. चोरीची गाडी तर नाही ना, याची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सुविधेवर करता येते. आरएक्स १०० ची मागणी आणि साधी कुलूपव्यवस्था पाहता ही पडताळणी टाळणे परवडणारे नाही.

इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आरसीवर असायलाच हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल परवानगीविना करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कर्कश सायलेन्सर बसवलेल्या आरएक्सवर पोलीस कारवाई करतात तेव्हा अनेकदा याच प्रकारच्या तरतुदींचा आधार घेतला जातो. संग्राहकाच्या दृष्टीनेही तो सायलेन्सर गाडीची किंमत घटवणाराच असतो.

परदेशातून सीबी ७५० किंवा झेड १ आणू इच्छिणाऱ्यांची वाट याहून अवघड आहे. भारताच्या आयात धोरणात दीर्घकाळ केवळ १९५० पूर्वीच्या वाहनांना मोकळीक होती आणि त्या चौकटीत एकही संग्राह्य जपानी मोटारसायकल बसत नव्हती. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना बदलत असतात, म्हणून परदेशी विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी त्या तारखेला लागू असलेली अधिसूचना आणि सीमाशुल्काचा आकडा लेखी मिळवणे आवश्यक आहे. भारतात आधीच असलेली परदेशी गाडी घेताना सीमाशुल्क भरल्याचा मूळ दाखला मागावा.

सर्वांत चांगल्या स्थितीतील गाड्या बहुधा दलालांकडे नसून घरांच्या पडवीत, एकाच मालकाच्या नावावर राहिलेल्या असतात. मालकाचे निधन झालेले असते आणि कुटुंबाला गाडीचे मोल ठाऊक नसते. अशा वेळी भंगाराच्या भावात गाडी उचलणारे फिरते व्यापारी ग्रामीण भागात सर्रास आढळतात. विक्री करण्यापूर्वी कुटुंबाने चेसिस व इंजिन क्रमांकाची छायाचित्रे घेऊन दोन-तीन जाणकारांकडून भाव विचारून घेतल्यास मोठे नुकसान टळते. मृत व्यक्तीच्या नावावरील गाडी थेट ग्राहकाच्या नावे होत नाही. ती नमुना ३१ भरून प्रथम वारसाच्या नावे करावी लागते. मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवणे आणि तीन महिन्यांत अर्ज करणे अपेक्षित असते. त्यानंतर नमुना २९ व ३० द्वारे ग्राहकाच्या नावे हस्तांतर होते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देणाऱ्या कुटुंबाच्या नावावरच ती पुढे राहते, आणि अपघात झाल्यास नुकसानभरपाईच्या दाव्यात नोटीसही त्यांनाच येते.